पिंजाऱ्याचा मन्सूर : वऱ्हाडातल्या सूफी परंपरेची एक वाट



आजच्या व्याख्यानाला विषय मिळाला आहे तो असा : 'वऱ्हाडातील मुस्लीम समाजाची संस्कृती आणि सूफी विचार'. विषय मोठा आहे. तासाभरात तो पुरा करायचा म्हटलं तर हाती फक्त दर्ग्यांची आणि पिरांची यादी लागेल. म्हणून आम्ही तो मुद्दाम लहान करून घेतो. वऱ्हाड म्हणजे कापूस. त्या कापसाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असलेली एक मुस्लीम जमात या मुलखात आहे : पिंजारी. कोणी त्यांना धुनिया म्हणतं, कोणी बहना, कोणी नद्दाफ. ते स्वतःला मन्सूरी म्हणवतात. हे शेवटचं नाव कुठून आलं, त्यानं या लोकांना काय दिलं आणि काय दिलं नाही, एवढंच आज तपासायचं आहे.

आपण बसलो आहोत कौंडण्यपुरात. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथून पंढरपूरला जाणारी पालखी चारशे वर्षांहून अधिक जुनी परंपरा सांगते. १९६० च्या दशकात मो. गं. दीक्षितांनी इथली टेकाडं खणली, तेव्हा सातवाहनांच्याही मागं जाणारी वस्ती हाती लागली. म्हणजे माणसं या काठावर फार पूर्वीपासून येताहेत, राहताहेत, आपापले देव सोबत आणताहेत. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे आर्वीचा मुलूख. अलीकडे धामणगाव, पलीकडे आर्वी, दोन्ही कापसाच्या पेठा.

या आर्वीचं जुनं नाव आर्वी-तेलंगराव. गाव वसवलं ते तेलंगराव वली यांनी, असं मानतात. नाव बघा : 'तेलंगराव' आणि पुढे 'वली'. हिंदू म्हणतात, ते ब्राह्मण होते. मुसलमान म्हणतात, ते मुसलमान होते. आणि समाधीपुढे हात जोडायला दोघंही जातात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनंसुद्धा ही गोष्ट टिपून ठेवली आहे.

आपल्याकडचे वक्ते सहसा इथं थांबतात. बघा, केवढं ऐक्य, असं म्हणतात, टाळ्या होतात आणि चहा येतो. आम्हाला इथं थांबायचं नाही. आमचा आक्षेप ऐक्याला नाही, मोजपट्टीला आहे. एका टोकाला 'हिंदू' लिहायचं, दुसऱ्या टोकाला 'मुसलमान' लिहायचं, आणि मधे सापडलेल्या माणसाला 'अर्धा हा, अर्धा तो' म्हणून सोडून द्यायचं. या पट्टीवर माणूस किती कुठे आहे ते कळतं. तो तिथं का आहे, त्याला तिथं काय मिळालं, हे कळत नाही. सूफी विचाराचा प्रभाव या पट्टीनं मोजला की तो नेहमी 'भेसळ' म्हणून दिसतो. कोणाला ती भेसळ गोड वाटते, कोणाला कडू. पण भेसळ हा शब्द दोघांच्याही मनात असतो.

आता वऱ्हाडातली सूफी स्थानं भराभर पाहून घेऊ. अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर. तिथं दूल्हा रहमान शाह यांचा दर्गा. आख्यायिका अशी की हे महमूद गझनवीचे भाचे. लग्नाच्या पोशाखातच लढाईला निघाले आणि ईल राजाशी लढताना पडले, म्हणून 'दूल्हा'. इतिहासाला हे मान्य होण्यासारखं नाही. महमूद वारला १०३० मध्ये आणि त्याची फौज वऱ्हाडात कधी आली नाही. दिल्लीकडची पहिली मोठी स्वारी या वाटेनं गेली ती १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजीची, देवगिरीवर. पण आख्यायिका खोटी ठरली म्हणून निरुपयोगी होत नाही. उत्तरेत बहराइचला सालार मसूद गाझींची अशीच कथा आहे : तेही महमूदचे भाचे, तेही नवरदेव. 'उर्स' या अरबी शब्दाचा मूळ अर्थच लग्न. सत्पुरुषाचा मृत्यू हे त्याचं परमेश्वराशी लागलेलं लग्न, ही सूफी कल्पना. पुस्तकातली ही कल्पना लोकांनी एका माणसाच्या अंगावर लग्नाचा पोशाख चढवून लक्षात ठेवली.

अकोल्याकडे पातूर. जुन्या कागदांत 'पातूर शेख बाबू'. शेख अब्दुल अजीज ऊर्फ शेख बाबू चौदाव्या शतकात दिल्लीकडून आले, असं परंपरा सांगते. दर्ग्याच्या दुरुस्तीशी अब्दुर्रहीम खानखानाचं नाव जोडलेलं आहे. त्याच गावाच्या टेकडीवर रेणुकेचं देऊळ. मंगरूळपीरला हयात कलंदर. गावाच्या नावातला 'पीर' तो त्यांचाच, आणि त्याच गावात बिरबलनाथांची यात्राही भरते. बाळापूरला नक्शबंदी सिलसिल्याची खानकाह. सतराव्या शतकातले शाह इनायतुल्लाह तिथले. याच घराण्यातल्या कमरुद्दीन औरंगाबादींनी अठराव्या शतकात अरबी भाषेत 'मजहरुन्नूर' हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला. 'असणं' म्हणजे काय, या प्रश्नावर. पूर्वेला वर्धा जिल्ह्यात गिरड : टेकडीवर ख्वाजा शेख फरीद. टेकडीवर जायफळासारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्याची कथा. आणि पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात सैलानी. तिथली मोठी यात्रा होळीला असते, नारळांची होळी पेटते, आणि पुढे पंचमीला संदल निघतो.

या यादीतून एक गोष्ट लक्षात घ्यावी. सूफी म्हणजे सगळे एका साच्याचे नव्हेत. कलंदर हा रीतिरिवाज धाब्यावर बसवणारा, जटा किंवा मुंडण, हातात चिमटा. नक्शबंदी नेमका उलटा : शरियतीला घट्ट धरणारा, जप मोठ्यानं नाही तर मनातल्या मनात करणारा, गाण्याबजावण्यापासून लांब. मंगरूळपीर आणि बाळापूर यांच्यात अंतर थोडं, वृत्तीत अंतर फार. तेव्हा 'सूफी म्हणजे सौम्य, सगळ्यांशी जमवून घेणारा इस्लाम' ही व्याख्या वऱ्हाडातच टिकत नाही.

मग या सगळ्यांत समान काय? समान आहे ती एक संस्था. मुरीद पिराच्या हातात हात देतो, त्याला बैअत म्हणतात. आपल्याकडच्या बोलीत 'पीर करणं'. गुरू करणं म्हणतो तसंच. मग पीर त्याला शजरा देतो. शजरा म्हणजे झाड. कागदावर नावांची माळ असते : या पिराचे पीर अमुक, त्यांचे तमुक, असं करत करत ती माळ पैगंबरांपर्यंत जाते. सगळ्यात खाली, शेवटच्या फांदीवर, मुरीदाचं नाव.

हा कागद साधा वाटतो. पण ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या वंशावळीवरून ठरते तिथं तो ठेवून बघा. देशमुखाकडे वतनाची सनद आहे, पाटलाकडे मानपान आहे, कुळकर्ण्याकडे दप्तर आहे. गावगाड्यातल्या बलुतेदारालाही त्याचं ठरलेलं बलुतं आहे. पिंजाऱ्याकडे काय? बलुतेदारांच्या यादीत त्याचं नाव सहसा येत नाही. तो गावोगाव हिंडणारा. त्याला आजोबाच्या पलीकडचं नाव विचारलं तर सांगता यायचं नाही. अशा माणसाच्या हातात शजरा येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा एक वंश मिळतो. तो रक्ताचा नाही, दिलेल्या शब्दाचा. आपल्या वारकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुकोबांनीही आपली परंपरा सांगितली ती राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी अशी. ती माळ जन्माची नव्हती, अनुग्रहाची होती.

आता पिंजाऱ्याच्या कामाकडे येऊ. इथं बसलेल्या साठीपुढच्या मंडळींना आठवत असेल. सीतादही होऊन वेचणी सुरू व्हायची, थंडी पडायची, आणि गल्लीत पिंजारी यायचा. खांद्यावर माणसाच्या उंचीचं धनुष्य, म्हणजे पिंजण. तो आवाज देत नसे, चालता चालता तातीला बोट मारायचा. त्या नादावरून घरातली बाई जुनी गादी ओसरीवर काढायची. तात कमावलेल्या आतड्याची. खाली रुईचा ढीग, वर टांगलेलं किंवा हातात पेललेलं पिंजण, दुसऱ्या हातात लाकडी ठोकळा. ठोकळ्याचा ठोका तातीवर पडला की तात थरथरते आणि त्या थरथरीनं दडपलेला कापूस तंतू तंतू सुटून वर उडतो. माती, कचरा, राहिलेली सरकी खाली पडते. खोलीभर पांढरं धुकं. पिंजाऱ्याच्या भुवयांवर, दाढीवर, कानांत कापूस. आणि छातीत सुद्धा. तो खोकत असायचा, हेही आठवावं.

असं हे काम. कष्टाचं आणि समाजात हलकं मानलेलं. आणि नेमक्या याच कामाचं नाव इस्लामच्या आध्यात्मिक इतिहासातल्या सगळ्यात धगधगत्या माणसाला लागलेलं आहे. हुसैन बिन मन्सूर अल्-हल्लाज. जन्म इराणात, ८५८ च्या सुमाराचा. 'हल्लाज' या अरबी शब्दाचा अर्थ कापूस पिंजणारा. मन्सूर हे खरं तर त्याच्या वडिलांचं नाव, पण फारसीत, उर्दूत, आपल्या दख्खनीत तो 'मन्सूर' म्हणूनच ओळखला जातो. तो भटकला, हिंदुस्थानातही येऊन गेला. 'अनल हक', मी सत्य आहे, हे त्याचं म्हणून गाजलेलं वाक्य. ९२२ मध्ये बगदादेत त्याला हालहाल करून मारण्यात आलं. फ्रेंच अभ्यासक लुई मासिन्यों यांनी त्याच्यावर उभं आयुष्य घातलं.

'अनल हक' ऐकलं की आपल्याकडच्या माणसाला 'अहं ब्रह्मास्मि' आठवतं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला वर्गात हमखास विचारला जायचा. साम्य आहे. पण घाई करू नये. उपनिषदातलं वाक्य हे ज्ञानाचं वाक्य आहे : जे आधीपासून आहे ते कळलं. मन्सूरचं वाक्य, सूफी जसं समजावतात त्याप्रमाणे, पुसून जाण्याचं वाक्य आहे. 'मी' उरलाच नाही. जो बोलतो आहे तो बोलतो आहे. त्यांच्या शब्दांत फना. एकात आत्म्याचा शोध लागतो, दुसऱ्यात 'मी'चा कोंडा झडतो. म्हणूनच कदाचित पिंजणाऱ्याची उपमा त्याला चिकटली. त्याला 'हल्लाजुल असरार' म्हणत : गुपितं पिंजून मोकळी करणारा. फरीदुद्दीन अत्तारांच्या 'तजकिरतुल औलिया'मध्ये त्याच्या नावाची कथा आहे. तिचा गाभा असा की त्याच्या प्रभावानं एका कारागिराची सरकी कापसापासून आपोआप वेगळी झाली.

सूफींचा एक जप 'ला इलाह' आणि 'इल्लल्लाह' या दोन अर्धांत म्हणतात. पहिला अर्धा नकार, दुसरा होकार. आधी जे नाही ते झटकून टाकायचं, मग जे आहे ते उरू द्यायचं. पिंजणाचा ठोकाही तसाच : कचरा खाली, तंतू वर. ही जुळणी आमची आहे, ती पिंजाऱ्यांच्या तोंडी घालण्याचं कारण नाही. पण कामाच्या लयीत जप गुंफण्याची रीत मात्र दख्खनच्या सूफींची जुनी आहे. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात दाखवून दिलं की सतराव्या शतकात दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' अशी गाणी रचली गेली. ती बायकांसाठी होती. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर. दळता दळता, कातता कातता स्मरण. अवघड तत्त्वज्ञान घराच्या ओसरीपर्यंत पोचलं ते अशा गाण्यांतून. जात्यावरची ओवी ज्यांच्या कानांत आहे त्यांना हे नवं वाटू नये.

पुरुषांच्या कसबांना असाच आधार मिळाला तो 'कसबनाम्यां'तून. कसब आणि कसबी हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. कसबनामा म्हणजे धंद्याची छोटी पोथी. हे काम पहिल्यांदा कोणी केलं, हत्यार उचलताना काय म्हणायचं, कोणत्या टप्प्याला कोणाचं नाव घ्यायचं. परंपरेत विणकरांचा मूळपुरुष शीस पैगंबर, शिंप्यांचे इद्रीस, लोहारांचे दाऊद, न्हाव्यांचे सलमान फारसी, आणि पिंजाऱ्यांचा मन्सूर. ही यादी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात धंदा सोडून संत व्हायला सांगितलेलं नाही. धंदा हीच वाट आहे, आणि या वाटेनं तुझ्या आधी कोणीतरी थोर माणूस गेलेला आहे, असं सांगितलं आहे. कबीर विणता विणता, सावता माळी मळ्यात, गोरोबा चिखल तुडवता तुडवता. दादू दयाळ तर परंपरेनं पिंजारीच मानले जातात. मागावर, मळ्यात, चाकावर, पिंजणावर जे एकाच काळात चाललं होतं त्याला आम्ही भेसळ म्हणणार नाही. कारागिरांनी एकमेकांच्या शेजारी बसून काढलेला तो अर्थ आहे.

आता सरकारी कागद काय म्हणतात? रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात बहना, पिंजारा, धुनिया अशी एकत्र नोंद आहे. १९११ च्या शिरगणतीत मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून ही जमात ४८,००० होती. लेखक सांगतात : सरकी काढायच्या गिरण्या वाढल्या आणि यांचा धंदा बुडाला. नावाला काही मान नसल्यामुळे धंदा सोडलेल्या अनेकांनी शिरगणतीत जमात न सांगता नुसतं 'मुसलमान' लिहवलं असावं. आणि पुढे : धर्म इस्लाम, पण चालीरीती बऱ्याच हिंदू, वारशाच्या बाबतीत न्यायालयांनी यांना मुसलमानी नव्हे तर हिंदू कायदा लागू धरला.

बघा, मोजपट्टी आली. पण याच नोंदीत खरी गोष्ट दडलेली आहे. ती गिरण्यांची. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडला, तो खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या हस्ते. वऱ्हाडात पैसा आला, जिन आले, प्रेस आले. ज्यांच्या हातून कापूस पिंजला जात होता ते मात्र या भरभराटीत रिकाम्या हातानं उभे राहिले. त्यांच्याकडे उरली घरातली गादी-रजई. कापसाच्या सुवर्णकाळाचा इतिहास आपण शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या बाजूनं लिहितो. पिंजाऱ्याच्या बाजूनं तो काळ धंदा जाण्याचा आहे.

धंदा जातो तेव्हा नावाचं काय होतं? 'पिंजारी' हे नाव कामाचं होतं, काम गेलं की ते नुसतं हिणवणं उरतं. 'मुसलमान' हे नाव दीनाचं, ते मोठं आहे, पण त्यात पिंजणाची तात ऐकू येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर हिंदुस्थानात कारागीर मुसलमानांनी आपापल्या जुन्या पोथ्यांतून नावं उचलली. शिंपी इद्रीसी झाले, न्हावी सलमानी झाले, पिंजारी मन्सूरी झाले. विणकर मात्र मदिनेच्या अन्सारांचं नाव घेऊन अन्सारी झाले. ही नावं वऱ्हाडातही रुजली. यात वर चढण्याची धडपड होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रतिष्ठित नाव घेतलं की मुलीला स्थळ बरं येतं, हे सगळ्या जातींना ठाऊक आहे. पण मन्सूरी हे नाव निवडताना त्यांनी कोणा बादशहाचं, कोणा सेनापतीचं नाव घेतलं नाही. ज्याला सत्तेनं आणि धर्मपंडितांनी मिळून मारलं त्याचं नाव घेतलं. आणि ते घेताना आपलं काम लपवलं नाही. मन्सूरी म्हणजे हल्लाजचे, म्हणजे पिंजणाऱ्याचे. सूफी परंपरेनं या जमातीला 'मिश्र' केलं नाही. तिच्या कामाला वंश दिला. आजच्या व्याख्यानात आम्हाला हे एकच वाक्य सांगायचं आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता उठणं लबाडीचं होईल. 'गादी' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. एक झोपायची, दुसरी सत्पुरुषाची. दर्ग्याच्या गादीवर बसतो तो सज्जादानशीन. ही गादी वऱ्हाडातच नव्हे, सगळ्या दख्खनमध्ये बहुतेक सय्यद किंवा शेख म्हणवणाऱ्या घराण्यांत वंशपरंपरेनं चालत आली, रक्तानं. इनाम जमिनी, मुजावरांचे वाटे, सगळं त्याच हिशेबानं. म्हणजे शजरा सांगतो की वंश शब्दाचा असतो, आणि गादी सांगते की वंश रक्ताचा असतो. पिंजाऱ्यानं गादी भरून द्यायची, तिच्यावर बसायचं नाही. आपल्याकडे मठांच्या गाद्यांचं काय झालं ते डोळ्यांपुढे आणा. सूफी विचारानं कारागिराला मान दिला, जागा दिली नाही. यामुळेच असेल, गेल्या शे-सव्वाशे वर्षांत विदर्भातला गरीब मुसलमान, आणि गरीब हिंदूही, ज्यांच्याकडे ओढला गेला ते गादीशिवायचे अवलिये होते. नागपूरचे ताजुद्दीन बाबा, १८६१ ते १९२५, कामठीच्या लष्करी वस्तीतले, काही वर्षं वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेले, आणि नंतर राजे रघुजीराव भोसल्यांनी मानानं घरी नेलेले. सैलानीच्या यात्रेतही सगळ्यात मोठी गर्दी असते ती मनानं दुखावलेल्या माणसांची आणि त्यांच्या दमलेल्या नातेवाइकांची.

इथं शेजारच्या वर्ध्याची आठवण येते. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या आत्मकथेत खादीच्या सुरुवातीची हकीकत आहे : चरखा सापडला, पण पेळू कुठून आणायचे? गंगाबेननी पिंजारी शोधला, त्यानं महिना पस्तीस रुपये मागितले आणि गांधीजींना त्या वेळी ती किंमत जड वाटली नाही. पुढे आश्रमात सगळेच पिंजायला शिकले. गांधीजींनी श्रमाला प्रतिष्ठा दिली, ही फार मोठी गोष्ट. पण सगळ्यांनीच पिंजलं की पिंजारी वेगळा उरत नाही. सूफी परंपरेनं श्रमाला नाही, तो श्रम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या माणसाला नाव दिलं. दोन्ही दृष्टी लागतात. एकीनं काम पवित्र होतं, दुसरीनं कामकरी अनामिक राहत नाही.

आज परिस्थिती काय आहे? विजेवर चालणारं पिंजण यंत्र आलं, मग फोमची गादी आली. हातपिंजण आता संग्रहालयात बघावं लागेल. १९३७ च्या शरियत कायद्यानंतर न्यायालयातला तो 'हिंदू कायदा की मुसलमानी' वाद बहुतांशी मिटला. वाद कागदावरून उठला आणि माणसांच्या मनात येऊन बसला. मन्सूरी घरातल्या आजच्या तरुणाला दोन्हीकडून एकच आज्ञा होते : निवड कर. एकजण सांगतो, दर्गा, संदल, फातिहा हे सगळं नंतर घुसलेलं आहे, सोडून दे आणि शुद्ध हो. दुसरा सांगतो, तुझे पूर्वज आमचेच, तुझ्या चालीरीती बघ, परत ये. दोघांच्याही हातात तीच मोजपट्टी आहे. या तरुणाच्या आजोबानं या पट्टीबाहेर राहून काय उभं केलं होतं, ते दोघंही बघायला तयार नाहीत. दर्ग्यातल्या प्रथांवर टीका होऊ नये असं आम्ही म्हणत नाही. सैलानीसारख्या ठिकाणी मानसिक रुग्णाला औषधोपचार मिळालाच पाहिजे, ताईत हे औषध नव्हे. पण टीका करणं वेगळं आणि एखाद्या समाजाची स्मरणशक्ती पुसून टाकणं वेगळं. स्मृती गेली की उरतो तो नुसता 'अल्पसंख्य', ज्याला कामही नाही आणि कहाणीही नाही.

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. 'अनल हक'मधला 'हक'. अरबीत त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी राहतात : सत्य, आणि ज्याचं त्याला मिळायला हवं ते. मराठीनं हा शब्द घेतला तो दुसऱ्या अर्थानं. आपल्या वतनाच्या कागदांत 'हक्क-लवाजिमे' येतात. पाटलाचा हक्क, मुलाण्याचा हक्क, जोशाचा हक्क. आज पिंजारी आणि नद्दाफ ही नावं महाराष्ट्राच्या इतर मागास वर्गांच्या यादीत आहेत. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी बगदादेत एका हल्लाजनं 'हक' म्हटलं ते सत्य या अर्थानं, आणि वऱ्हाडातला त्याचा नामधारक आज दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभा राहून हक्क म्हणतो तो वाट्याच्या अर्थानं. यात घसरण आहे असं कोणाला वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही. ज्याला त्याचा वाटाच मिळाला नाही त्याला सत्य सांगणं सोपं असतं. मन्सूरनं सत्य आणि माणूस यांच्यातलं अंतर नाकारलं. सत्य आणि वाटा यांच्यातलं अंतर नाकारण्याचं काम अजून बाकी आहे. ते एकट्या मन्सूरींचं नाही.

तेव्हा एक विनंती करून थांबतो. आपल्या गावात जुना पिंजारी असेल तर त्याच्याकडे जावं. त्याचं पिंजण माळ्यावर पडलं असेल, शजरा कुठल्यातरी पेटीत असेल, म्हातारीला दोन-चार गाणी येत असतील. ती लिहून घ्यावीत. तो हिंदू किती आणि मुसलमान किती, हे मात्र विचारू नये. त्याच्या कामाबद्दल विचारावं. तो पुष्कळ बोलेल.